कोपरा सोडायचा नाही

७ एप्रिल, रविवार
नवी वही सुरू. ग्लेनिसने आणून दिली. म्हणाली, रोज चार ओळी लिहीत जा, डोक्याला बरं असतं. माझ्या डोक्याला काही झालेलं नाही. पण ऑर्लडन सायकल क्लबचा इतिहास कधी ना कधी कुणीतरी लिहिणार, तेव्हा एकोणीस वर्षं कॅप्टन असलेल्या माणसाची वही हाताशी असावी. बायकोच्या समाधानासाठी नव्हे, त्यासाठी लिहितोय.

आजची राइड उत्तम. निघालो अकरा जण, टी-रूमला पोचलो दहा. साधारण बरोबर.

त्याच दिवशी, संध्या. ५.३०
थोडी पुरवणी. अकरावी डोरीन होती.

आमचा नियम साधा आहे. वळण आलं की कॅप्टन आपल्या मागच्याला कोपऱ्यावर उभं करतो. त्याने हात दाखवून सगळ्यांना वळवायचं आणि शेवटचा माणूस आला की त्याच्याबरोबर निघायचं. शेवटचा माणूस येईपर्यंत कोपरा सोडायचा नाही. डोरीनला मी चॅपलच्या कोपऱ्यावर उभं केलं आणि ती तिथे सव्वादोन तास उभी राहिली. शेवटचा माणूस आलाच नाही. कारण सकाळी तो नेमायचाच राहिला होता.

यात माझी चूक काढायची तर काढता येईल, पण मग परिस्थितीही बघितली पाहिजे. बावीस वर्षं शेवटचा माणूस म्हणजे लेन. डोरीनचा नवरा, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याला कधी नेमावं लागलं नाही. आपणहून मागे राहायचा, कुणाची चेन पडली तर बसवून द्यायचा, आणि सगळ्यात शेवटी पोचून सगळ्यात मोठा केकचा तुकडा उचलायचा. लेन जाऊन मार्चमध्ये दोन वर्षं झाली. इतके दिवस आठवणीने दुसऱ्याला नेमत होतो. आज एक दिवस राहिलं.

डोकी मोजली ती गॅविनने. तोच टी-रूमवाल्यांची मोटार मागून घेऊन तिला आणायला गेला. पाऊस नव्हता, नुसतं बारीक भुरभुरत होतं. तिचे ओठ निळे पडले होते. मी तिच्यासाठी अक्रोडाचा केक राखून ठेवला होता, त्यातला निम्मा तरी उरला होता. ती म्हणाली, नियम म्हणजे नियम, क्लाइव्ह. बाई मोठ्या मनाची आहे.

९ एप्रिल, मंगळवार
डोरीनला ताप. ग्लेनिस सूप घेऊन गेली. मी जाणारच होतो, पण चेनला तेल द्यायचं होतं.

निश्चय: निघण्याआधी शेवटचा माणूस नेमणे. डोकी मोजणे. बिस्किटं बंद. सायकलला पितळी घंटी घेतली, खणखणीत आहे. आता मागच्याला कॅप्टन कुठे आहे ते कळेल.

१८ एप्रिल, गुरुवार
कमिटीची मीटिंग. गॅविनने तोंड उघडलं. हा गॅविन दाताचा डॉक्टर आहे, वय बेचाळीस, सायकलच्या हँडलवर एक यंत्र लावलंय, ते त्याला कुठे वळायचं ते सांगतं. म्हणाला, कोपऱ्यावर माणसं कशाला उभी करायची, सगळ्यांनी यंत्रं लावू या. आणि कॅप्टनकीचा भार तुम्ही एकट्याने किती वर्षं वाहणार, थोडा आराम करा की. गोड बोलून दात उपटायची त्याला सवयच आहे.

मतदान झालं. यंत्राच्या बाजूने दोन, माझ्या बाजूने तीन. तिसरं मत डोरीनचं. अजून खोकत होती. म्हणाली, लेनला हीच पद्धत आवडायची.

मला अगदी भरून आलं. बिस्किटं खाल्ली, पण मीटिंगमधली बिस्किटं धरायची नसतात.

२३ एप्रिल, मंगळवार
निश्चय: सायकलला पितळी घंटी घेणे. मागच्यांना कॅप्टन कुठे आहे ते कळलं पाहिजे.

दुपारी जाऊन घेतली. दुकानदार हसला, म्हणाला, दोन आठवड्यांपूर्वीच नेलीत की एक. म्हटलं, ही बायकोसाठी. ग्लेनिसकडे सायकल नाही, पण त्याला काय कळतंय.

डॉक्टरकडून तपासणीची तारीख आली होती. ती काल होती. क्लबच्या कामापुढे माणसाला स्वतःकडे बघायला सवड मिळत नाही.

२८ एप्रिल, रविवार
पेनक्रॉफ्ट गावापर्यंतची राइड. शेवटचा माणूस नेमला (गॅविन). डोकी मोजली (नऊ). रस्ता चोख, ऊन पडलं होतं, कोकरं इकडून तिकडे उड्या मारत होती. माझी कॅप्टनची शिट्टी मात्र निघताना कुणीतरी लपवली. वीस मिनिटं शोधली, गॅविनला चार शब्द ऐकवले. मग ती माझ्या गळ्यात निघाली. बहुधा त्यानेच अडकवली असणार.

पेनक्रॉफ्टच्या टी-रूमचा दर्जा फार खालावलाय. टेबलं काढून सोफे टाकलेत. टीव्ही चालू. नऊ जणांचा चहा आणि स्कोन सांगितले, तर बाई तोंडाकडे बघत राहिली. मी जरा चढ्या आवाजात बोललो. मग तिने चहा केला, पण दोन-दोन कपांच्या खेपा, आणि स्कोनऐवजी टोस्ट. बिल मागितलं तर नको म्हणाली. सगळे गप्प बसून चहा पीत होते. शिस्तीचा परिणाम.

त्याच दिवशी, संध्या.
ग्लेनिस म्हणते, ती टी-रूम सहा वर्षांपूर्वी बंद झाली. ते आता एका शिक्षिकेचं घर आहे. डोरीनने तिला फोन करून सांगितलं.

मला अर्थातच माहीत होतं. गावातल्या लोकांचा पाहुणचार अजून शिल्लक आहे का, ते बघत होतो.

ग्लेनिस हसली नाही. स्वयंपाकघरात ओटा पुसत राहिली, पुसलेलाच पुन्हा पुसला. मग म्हणाली, मला भीती वाटते रे. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात असं ती एकदाच म्हणाली होती, आमचं छप्पर उडालं तेव्हा. म्हणाली, त्या रस्त्यांवर तू कधीतरी कुणालातरी मारशील, नाहीतर स्वतः मरशील. शेवटी तह झाला. आणखी एक गडबड झाली तर शिट्टी गॅविनकडे द्यायची आणि डॉक्टरकडे जायचं. मी बेधडक कबूल केलं, कारण गडबड होणारच नाही.

एकोणीस वर्षं त्या शिट्टीवर माणसं थांबतात आणि निघतात. ती गेली तर रविवारी मी काय करायचं?

११ मे
सकाळी नऊला क्लबच्या दारात हजर. एकही माणूस नाही. पन्नास मिनिटं वाट बघितली, मग घरी येऊन सगळ्यांना कडक पत्र लिहिलं. बेशिस्त, कृतघ्नपणा, लेन असता तर त्याला काय वाटलं असतं, सगळं लिहिलं. नऊ पाकिटं, टपालपेटीत टाकून आलो. मन हलकं झालं.

ग्लेनिस म्हणाली, आज शनिवार आहे.

पत्र चांगलं उतरलंय. कधी ना कधी उपयोगी पडेलच. ही काही गडबड धरायची नाही. तह राइडपुरता आहे, आणि आज राइड नव्हती.

१२ मे, रविवार
अंग जड वाटतं म्हणून गेलो नाही. ग्लेनिस फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. कुणाशी ते विचारलं, तर म्हणाली, गॅविनशी. आता तो घरातही शिरला.

१८ मे, शनिवार
गॅविन स्वतः आला. मला वाटलं, पत्र वाचून माफी मागायला. तर म्हणाला, उद्याची राइड मला घेऊ द्या, तुमच्या हाताखाली शिकायचंय. यंत्र काढून ठेवतो, कोपऱ्यावर माणसं उभी करतो, सगळं तुमच्या नियमाने. पहिल्या कोपऱ्यावर तुम्हीच उभे राहा, तो सगळ्यात अवघड आहे.

खरं आहे, तो अवघड आहे. परवानगी दिली. चहा घेऊन गेला. जाताना ग्लेनिसने त्याचा हात हातात घेतला, तो तसाच बराच वेळ धरून ठेवला. उद्या सगळ्यांना दाखवून देतो, कोपऱ्यावर कसं उभं राहतात ते.

१९ मे, रविवार, संध्या. ६
विक्सले फाटा. रस्त्याकडेच्या जुन्या लाल टेलिफोन-बूथपाशी मला उभं केलं. फोन काढून आत पुस्तकं ठेवलीत. हात सरळ, पाठ ताठ. एकेक जण गेला, प्रत्येकाला नावाने हाक मारली, एकही नाव चुकलं नाही. शेवटी डोरीन आली. ब्रेक लावून म्हणाली, चल, मी शेवटची.

मी म्हटलं, लेन यायचाय अजून.

तिने सायकल कुंपणाला टेकवली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आम्ही दोघं चढाकडे बघत होतो. एक ट्रॅक्टर गेला. एक बाई कुत्रा घेऊन गेली. मी म्हटलं, गुडघा दुखत असेल त्याचा, तरी सांगत होतो पट्टी बांध. ती हो म्हणाली. वीस मिनिटं झाली असतील. मग मी विचारलं, डोरीन, घरून एकत्र निघालात ना तुम्ही?

तिने माझ्या बाहीचा कोपरा धरला आणि सांगितलं. लेन गेला, क्लाइव्ह. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये. शवपेटी उचलणाऱ्यांत तू पुढे होतास, डाव्या बाजूला.

मला ते आज कळलं. असं लिहिणं मूर्खपणाचं आहे, पण मला ते आज, त्या बूथपाशी कळलं. रस्त्याच्या कडेला बसून रडलो. डोरीन म्हणाली, तेव्हाही तू असाच रडला होतास. मग तीही बसली. तिच्याच नवऱ्याची बातमी तिला मला सांगावी लागली, आणि वर माझीच पाठ थोपटावी लागली.

मग ती म्हणाली, शेवटचा माणूस येऊन गेला, आता कोपरा सोडला तरी चालेल. आम्ही सायकली हातात धरून चालत परत आलो. शिट्टी गॅविनला दिली. त्याने ती गळ्यात घातली नाही, खिशात ठेवली. म्हणाला, सांभाळून ठेवतो.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. सात एप्रिलला माझ्याच अक्षरात लिहिलंय, लेन जाऊन दोन वर्षं झाली. घंटीही दोनदा घेतलीय. बरंच काही लिहिलंय. ग्लेनिस शेजारी बसून वाचत होती. मी तिला पान उलटू दिलं.

सकाळी उठल्यावर वाचणे:
डॉक्टर, मंगळवारी दहा वाजता. ग्लेनिस बरोबर येणार आहे, वाद घालू नये.
घंट्या दोन आहेत. तिसरी घेऊ नये.
पेनक्रॉफ्टच्या बाईंना केक पाठवणे.
लेन गेला. डोरीनला पुन्हा सांगायला लावू नये.