ताण उतरायच्या आत

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल असं धरून चालते. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण औषध दिलं की म्हणते, "त्याला कुरकुरू दे, मी ऐकत नाही." बाबा बरे आहेत. क्लबच्या टेनिस कोर्टवरचा रोलर अजून एकटेच ओढतात, कुणी हात लावलेला चालत नाही.

तुला डावखुरी कात्री मिळाली का? मागे म्हणाली होतीस की कारखान्यातल्या सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या आहेत आणि तुझ्या अंगठ्याला घट्टा पडलाय. मी पुढे काही विचारणार तोच तू "बरं, ठेवते" म्हणालीस. आपले फोन हे असेच. गुडघा, कात्री, हवा आणि "ठेवते". म्हणून पत्र लिहायला बसले. तेही तू मध्येच ठेवून देऊ शकतेस, पण निदान ठेवल्याचा आवाज मला ऐकू येणार नाही.

मी शाळेत लागले हे आईने सांगितलं असेलच. सहावी-सातवीला गणित शिकवते. माझं पदवीचं प्रमाणपत्र आईने आरशाशेजारी लावलंय आणि केस विंचरताना आरशात कमी, त्यातच जास्त बघते. बाबा मला "मास्तरीणबाई" म्हणतात. "मास्तरीणबाई, मीठ द्या." "मास्तरीणबाई, दिवा घालवा." कौतुक आहे की टोमणा, अजून कळलेलं नाही.

आता बातमी. मी नवी रॅकेट घेतली. डबल्ससाठी.

क्लबच्या मेंबर डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या माझ्या जुन्या रॅकेटला गळ्याशी तडा गेला होता. बाबांनी तिला इतक्या पट्ट्या गुंडाळल्या की ती लढाईवरून परतल्यासारखी दिसायची. पहिला पगार झाला तशी मी त्या म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेले. आठवतो ना? आपण त्याच्या काचेला नाकं लावून उभ्या राहायचो आणि तो आतून विचारायचा, "फडकं देऊ का, काच पुसायला?" मला वाटलं होतं विसरला असेल. मी आत पाऊल टाकलं तर चष्म्यावरून बघत म्हणाला, "नाकं दोन होती. दुसरं कुठाय?"

"ती बाहेरगावी असते," मी म्हटलं.

त्याने तीन रॅकेटी काढल्या. दुकानामागच्या बोळात भिंतीपाशी मला उभं केलं आणि स्वतः बॉल फेकत राहिला. पहिलीचं वजन डोक्याकडे होतं. फटका असा बसला की भिंतीचा पोपडा उडाला. "मागे उभं राहून एकटीने ठोकायचं असेल तर ही घे," तो म्हणाला. दुसरी मलाच आवडली नाही. तिसरी तोंडाला रुंद, वरून हलकी, सगळं वजन मुठीजवळ. त्याने भराभर चार बॉल फेकले, दोन अंगावर, आणि मला कळायच्या आत रॅकेट तिथे पोचलेली होती.

"नेटवर विचार करायला वेळ नसतो, पोरी. हाताच्या आधी रॅकेट गेली पाहिजे. डबल्सला हीच. पण जोडीदार कशी खेळते ते सांग. ते कळल्याशिवाय डबल्सची रॅकेट देत नाही मी."

ताई, मी सांगायला लागले आणि थांबेचना. ती डावखुरी आहे. तिची सर्व्हिस बाहेर वळत जाते, समोरचा माणूस तिच्यामागे धावत कोर्टच्या बाहेर जातो. ती उजवीकडे उभी राहते आणि मी डावीकडे, म्हणजे मधोमध आलेला बॉल दोघींच्याही सरळ हातावर येतो, आणि म्हणून आम्हाला इतर जोड्यांपेक्षा जास्त ओरडावं लागतं, "माझा!", "तुझा!", नाहीतर दोन्ही रॅकेटी एकमेकींवर आपटतात. ती चिडली की सर्व्हिसआधी बॉल दोनदा जास्त आपटते. मी नेटजवळ हलकेच बॉल टाकते म्हणून तिने माझं नाव टिचकी ठेवलंय. हेसुद्धा सांगितलं. त्या बिचाऱ्याला रॅकेट विकायची होती.

त्याने माझी मूठ बघितली. "हात लहान आहे तुझा. लहान मुठीची देतो."

"नको, एक नंबर मोठी द्या."

"कुणासाठी घेतेयस?"

"माझ्यासाठीच."

त्याने मोठ्या मुठीची, अजून तारा न भरलेली रॅकेट काढून दिली. दुकानाची पायरी उतरेपर्यंत मलाही खरंच वाटत होतं की मी ती माझ्यासाठीच घेतली.

पण डबल्सची का, ते सांगायचं राहिलं. क्लबची वार्षिक स्पर्धा मार्चच्या मध्यावर आहे. यंदा पहिल्यांदाच तिथे काम करणाऱ्यांच्या घरच्यांना खेळता येणार आहे. मी चार अर्ज केले होते, शेवटचा सात पानी. ज्या माणसाने कोर्ट सपाट केलं त्याच्या मुलींनी त्यावर फक्त मेंबर यायच्या आधी चाळीस मिनिटं चोरून खेळावं, हा न्याय नाही, असं लिहिलं. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, मंजूर करतो, पण पाचवा अर्ज देऊ नका." एवढंच की फक्त जोडीने उतरायचं. फॉर्मवर नावांसाठी दोन ओळी आहेत. शेवटची तारीख अठ्ठावीस.

आता चहा करून येते.

आले. चहा झाला, कपही विसळला. आता उठायला काही कारण उरलेलं नाही.

ताई, माझ्या कॉलेजचे कोच, जिल्ह्याचा खुला संघ निवडायचे ते, आपला खेळ बघायला आले होते, त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू बॉल गोळा करत होतीस. त्यांनी मला रोलरपाशी बाजूला घेतलं आणि म्हणाले, "जोडी सोड. एकेरीत ये, संघात घेतो." मी विचार करते म्हणाले नाही, ताईला विचारते म्हणाले नाही. हो म्हणाले. मग निवडीच्या यादीतून आपली जोडी काढून टाकायचा कागद त्यांनी पुढे केला, त्यावर सही केली. आणि पुढचे तीन आठवडे रोज सकाळी तुझ्याबरोबर त्याच निवडीसाठी सराव केला. तू मला मधल्या बॉलसाठी ओरडायला शिकवत होतीस आणि मी मूग गिळून उभी होते.

तू कॉलेजच्या फळ्यावर यादी पाहिलीस. घरी आलीस आणि फक्त एवढं म्हणालीस, "ओरडायचंस ना. मी सोडला असता."

खरंच सोडला असतास. तेच मला सहन होत नाही. दहावीनंतर शिक्षण सोडलंस, तेव्हाही एका शब्दाने बोलली नाहीस. या घरात नवं ते माझ्याकडे यायचं, नवं टेबल, नवे बूट, नवी वही, कारण मी शिकत होते. जगात थोरलीचं जुनं धाकटीला मिळतं. आपल्याकडे माझं जुनं तू वापरलंस.

आठवड्याभरात तू निघून गेलीस. बाबांना म्हणालीस, "मला नाही खेळायचं आता." त्यांनी आपल्यासाठी सेक्रेटरींपुढे हात जोडले होते, रोज तासभर आधी उठून पाणी मारलं होतं. ते म्हणाले, "अर्धा डाव टाकून जाणाऱ्याला मी ओळखत नाही." तेव्हापासून अडीच वर्षं तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. त्यांना वाटतं, डाव तू टाकलास. मी त्या दिवशी पुस्तक उघडून बसले होते, पान उलटत नव्हते, आणि एक शब्द बोलले नाही. नंतरही नाही. तूही फोनवर आईला कधी माझं नाव सांगितलं नाहीस.

आणि ती एकेरी? दुसऱ्याच फेरीत हरले. मधोमध एक साधा बॉल आला आणि मी थांबले. सवयीने. तू घेशील म्हणून.

बाबांना सांगायला हवं. उद्या सांगेन. पत्र आज बंद करत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

शाळा सुटलीय. रिकाम्या वर्गात बसून लिहितेय, हाताला खडू लागलाय, कागदावरचे पांढरे डाग त्याचे आहेत.

सोमवारी सकाळी वर्गात एक प्रकार झाला. एका मुलीने मैत्रिणीची वही स्वतःची म्हणून दाखवली आणि मैत्रीण गप्प राहिली. मी दोघींना उभं करून मोठं भाषण दिलं. गप्प राहणं हेही खोटं बोलणंच असतं, वगैरे. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "बाई, तुम्ही कधी गप्प बसला होतात?" मी म्हटलं, "चला, पुढचं गणित." आणि पुढचं गणित फळ्यावर चुकवलं.

संध्याकाळी नवी रॅकेट घेऊन क्लबच्या मागच्या खोलीत गेले. तीच खोली, रॅकेटची जाळी विणायचं गटिंगचं यंत्र, खिळ्यावर गटांच्या तारांची वेटोळी, चुन्याचा वास. दाराच्या आतल्या बाजूला तुझी जुनी रॅकेट टांगलेली आहे. तिला कुणी हात लावत नाही, पण तिच्यावर धूळही नसते. हे कसं, ते मी कधी विचारलं नाही.

बाबांनी नवी रॅकेट बोटावर तोलून पाहिली. "डबल्सची आणलीस."

"हो."

"किती ताण भरू?"

"माझा नेहमीचा."

ते उभे गट ओढून झाले, आडवे विणायला लागले, तेव्हा मी सांगितलं. उभ्यानेच, तू वाचलंस त्याच क्रमाने. त्यांचा हात थांबला नाही. एक ओळ पूर्ण केली, गट चिमट्यात अडकवला.

"आधी का नाही बोललीस?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"मलाही ओळखत नाही म्हणाल, याची."

त्यांनी हातातली टोचणी खाली ठेवली, परत उचलली. म्हणाले, "घरी जा. आई वाट बघत असेल."

काल दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीठही आईकडे मागितलं. मला वाटलं, झालं. आता या घरात दोघींची नावं निघणार नाहीत.

आज सकाळी शाळेत निघताना दारामागच्या खिळ्याकडे लक्ष गेलं. आपल्या घरच्या दारामागे, ताई. तिथे दोन रॅकेटी टांगलेल्या होत्या. एक नवी, एक तुझी जुनी. क्लबवरून त्यांनी ती घरी आणली होती.

मी नवी उचलली. हातात धरली आणि काहीतरी खटकलं. ग्रिपच्या पट्टीची प्रत्येक कड माझ्या तळव्याला उलटी लागत होती. दुकानातून आणली तेव्हा अशी नव्हती. मी ती डाव्या हातात घेऊन बघितली. कडा गुपचूप बसल्या.

बाबांनी दुकानातली पट्टी सोडून ती उलट्या बाजूने गुंडाळली होती, तुझ्यासाठी गुंडाळायचे तशी, शेवट काळ्या दोऱ्याने तीन वेढे देऊन. गटांवर नख मारून पाहिलं. आवाज खालचा आला. माझ्या ताणाचा नाही, तू मागायचीस त्याचा. सोमवारी भरलेले गट कापून पुन्हा भरले असणार. आणि तुझ्या जुन्या रॅकेटची ग्रिप सोडून उजव्या हातासाठी गुंडाळलेली होती, वर आणखी मऊ पट्टी न चढवता, माझ्या लहान मुठीला बसेल अशी बारीक.

नवी तुला. जुनी मला.

मी वळले तर बाबा चहा पीत होते, बशीत बघत. म्हणाले, "मास्तरीणबाई, गट भरून नुसते टांगून ठेवले तरी ताण उतरत जातो. न खेळतासुद्धा. महिनाभर धरेल फार तर. तिला कळव."

आतून आई म्हणाली, "तिला म्हणजे कुणाला? नाव घ्यायला जीभ झिजते का?"

"समोर आली की घेईन," बाबा म्हणाले आणि रोलर ओढायला निघून गेले. चप्पल उलटी घालून गेले, दारातून परत येऊन सरळ केली.

एवढंच कळवायचं होतं. मी माफी मागत नाहीये, कारण तू लगेच देऊन टाकशील, आणि मला ती तशी नकोय. सुट्टी मिळते का बघ. नाही मिळाली, किंवा मिळूनही यावंसं वाटलं नाही, तरी रॅकेट तुझीच आहे. तसं कळव, पार्सल करते, भिंतीवर खेळ, पण ताण उतरायच्या आत खेळ. आलीस तर सकाळची चाळीस मिनिटं अजून आपलीच आहेत, आणि यंदा ती चोरायची नाहीत.

फॉर्म सोबत जोडलाय. माझं नाव दुसऱ्या ओळीवर लिहिलंय. पहिली रिकामी आहे.

बॉल मधोमध आलाय, ताई. या वेळी मी ओरडतेय, सगळ्या क्लबला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तुझा!

डावीकडे, माझ्या जागेवर उभी असलेली,
तुझी
टिचकी