सहा वचनं, चार बुधवार

१ जानेवारी, बुधवार
नववर्षाचा संकल्प. समलैंगिकतेबद्दल पवित्र शास्त्र काय म्हणतं, हा प्रश्न या महिन्यात कायमचा निकाली काढायचा. घाटंजीच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत तरुण मुलं मोबाइलवर काहीबाही ऐकतात आणि येऊन विचारतात. पाळकबाई उत्तर देत नाहीत, नुसत्या प्रार्थना करतात. शेवटी सचिव म्हणून मलाच पुढे व्हावं लागतं. संबंधित वचनं सहा. उरलेले बुधवार चार. दर बुधवारी दीड वचन.

बायकोला, शीलाला सांगितलं. ती म्हणाली, आधी इंद्रजीतभाऊंना विचारा. काहून, म्हटलं. तर म्हणे, असंच.

विचारणारच होतो. चौतीस वर्षांचा मित्र. एकाच शाळेत मी मराठी शिकवलं, त्याने गणित. मंडळीत व्यासपीठावर पेटी तोच वाजवतो. लग्न केलं नाही. शास्त्राचा अभ्यास माझ्या खालोखाल. अकरा वर्षांपासून त्याच्याकडे संघदीप भाडेकरू आहे, गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. भाडेकरू असावा तर असा. इंद्रजीतच्या शर्टांना इस्त्रीसुद्धा करतो.

८ जानेवारी, बुधवार
पहिलं सत्र. विषय सदोम, देवाने पापांसाठी जाळलेलं शहर. उपस्थिती २३. जोरदार सुरुवात केली.

मग मंडळीतल्या कांताबाईंनी विचारलं, सदोमचा दोष नेमका काय, हे शास्त्रात आणखी कुठे दिलंय का. माझ्या टिपणात यहेज्केल १६ असं लिहिलं होतं. उघडून पाहिलेलं नव्हतं. इंद्रजीतला मोठ्याने वाचायला सांगितलं. तिथे गर्व निघाला, भरलेलं पोट निघालं, आणि गरिबाला हात दिला नाही असं निघालं. माझ्या विषयाचं नावच घेत नाही. पुढे 'अमंगळ' असा एक शब्द आहे, तो मी तीनदा वाचून दाखवला, पण लोकांचं लक्ष गेलं होतं. कांताबाई म्हणाल्या, मग वाढदिवसाची जेवणं कमी केली पाहिजेत.

यहेज्केलकडून ही अपेक्षा नव्हती.

९ जानेवारी, गुरुवार, सकाळी
इंद्रजीतकडे गेलतो. पुढच्या सत्राला मदत कर म्हटलं. तो म्हणाला, "वामन, हे तू कायले करून राह्यला?"

सत्यासाठी, म्हटलं.

संघदीपने चहा आणला. चेहरा उतरलेला, दोन पायऱ्या चढला तरी धाप लागत होती. विचारलं तर म्हणाला, थंडीमुळे. मग इंद्रजीतने विचारलं, समज असा माणूस आपल्याच मंडळीत बसलेला असला, तर हेच त्याच्या तोंडावर बोलशील का? मी म्हटलं, प्रेमाने बोलीन. पण आधी त्याला व्यासपीठावरून खाली उतरवीन.

"ठीक आहे," तो म्हणाला.

मुद्दा पटला त्याला.

१५ जानेवारी, बुधवार
लेवीय, म्हणजे नियमांचं पुस्तक. उपस्थिती १४. इंद्रजीत आला नाही, नागपूरला गेलाय म्हणे. मला सांगितलं नाही. फोन उचलत नाही.

मी १८वा अध्याय वाचला. एकाने पुढचा, १९वा काढला. त्यात दोन प्रकारच्या सुताचं कापड अंगावर घालू नये असं आहे. सगळे माझ्या टेरीकॉटच्या पँटकडे पाहू लागले. हा नियम त्या काळापुरता आणि तो नियम सर्व काळासाठी, असं मी समजावलं. कोणता कोणत्या खात्यात, हे कसं ओळखायचं? असं कोणीतरी विचारलं. वेळ संपली होती. तशी पंधरा मिनिटं उरली होती, पण संपली असं जाहीर केलं.

१९ जानेवारी, रविवार
पेटीविना उपासना. पाळकबाईंनी 'नागपूरला असलेल्या आपल्या दोघा भावांसाठी' प्रार्थना केली. सगळे इतक्या जोरात आमेन म्हणाले की मीही म्हणालो. कोणते भाऊ, असं नंतर विचारलं. सांगते म्हणाल्या, आणि चपला घालून निघून गेल्या.

शीलाने सकाळीच वीस पोळ्या लाटल्या होत्या. घरात आम्ही दोघं. विचारलं तर म्हणाली, चुलतबहिणीकडे नागपूरला जाते दोन दिवस. हिची नागपूरला चुलतबहीण आहे, हे मला आजच कळलं.

२२ जानेवारी, बुधवार
रोमकरांस पत्र, अध्याय पहिला. हा माझा हुकमी एक्का. उपस्थिती ५, त्यात एक चौकीदार.

कांताबाईंना वाचायला दिलं. अध्याय संपला तरी त्या थांबेनात. थांबा म्हटलं. त्या म्हणाल्या, पत्र आहे ना भाऊ, पौलाने थोडीच मध्ये आकडे टाकले होते? आणि दुसऱ्या अध्यायाची पहिलीच ओळ वाचली. दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुला सबब नाही. वाचताना पुस्तकाकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या.

पौलही फिरला.

२६ जानेवारी, रविवार
कळलं. उपासनेनंतर कांताबाईंनीच सांगितलं. संघदीपच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, २० तारखेला. इंद्रजीत त्याच्याजवळ आहे. मंडळी आळीपाळीने नागपूरला मुक्काम करून डबे देते, दोघांनी रक्त दिलं. दवाखान्याच्या फॉर्मवर रुग्णाशी नातं काय, तिथे इंद्रजीतने 'कुटुंब' लिहिलं. नर्सने दोनदा विचारलं. त्याने दोनदा तेच सांगितलं.

भाडेकरू नव्हताच तो. पाळकबाईंना माहीत. कांताबाईंना माहीत. चौकीदाराला माहीत. शीलाला सहा वर्षांपासून माहीत. एका ताटात जेवलो इंद्रजीतसंग, अन् मलेच कोणी सांगितलं नाही. अख्ख्या मंडळीने मले फसवलं.

शीलाला तसं बोललो. ती पोळपाट पुसत होती. म्हणाली, "इंद्रजीतभाऊंनी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही उत्तर दिलं."

प्रेमाने बोलीन असंही मी म्हटलं होतं. ते कोणी लक्षात ठेवत नाही.

२९ जानेवारी, बुधवार
शेवटचं सत्र. पौलाचीच आणखी दोन पत्रं, करिंथ आणि तीमथ्य. जुन्या आणि नव्या भाषांतरात शब्द एक नाही. कोणता घ्यावा यावर दोन पानं लिहून नेली होती. उपस्थिती शून्य. सव्वासातपर्यंत थांबलो. खुर्च्या मीच आत ठेवल्या.

उद्या नागपूरला जाऊन इंद्रजीतला क्षमा करणार. मन मोठं ठेवायचं.

३० जानेवारी, गुरुवार
यवतमाळला गाडी बदलून गेलो. इंद्रजीत वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता. दाढी वाढलेली. मला पाहून उठला नाही. जेवला का, एवढंच विचारलं.

क्षमेचं वाक्य गाडीत पाठ केलं होतं. तोंडातून भलतंच आलं. "चौतीस वर्षांत मले एकदा सांगितलं नाही तू."

तो म्हणाला, "सांगून राह्यलो होतो, वामन. दर वेळी तू बोलून राह्यला होता."

आतून संघदीपने हाक मारली, तो उठून गेला. काचेतून दिसलं, त्याची उशी नीट करत होता. मी अर्धा तास थांबलो. तो परत बाहेर आला नाही. क्षमा राहून गेली.

२ फेब्रुवारी, रविवार
पेटी नाही म्हणून पहिलं गीत मी उचललं. सूर फार वर लागला. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळे थांबले. गीत मी एकट्याने पूर्ण केलं.

पाळकबाईंनी या आठवड्याच्या डब्यांची यादी केली. दोन्ही वेळा, सातही दिवस. शीलाचं नाव तीनदा. माझं नाही. विचारलं. म्हणाल्या, इंद्रजीतभाऊंचा निरोप आहे, वामनला सध्या नको.

यादीवर सचिवाची सही लागते. केली.