गेरूचा ठिपका

आबा, काल तुमच्या नातीला फ्लूची लस दिली. पाऊस तोंडावर आला की शहरात घराघरातून खोकला ऐकू येतो आणि त्यातला एक मला दरवर्षी ओळखीचा वाटतो. तो कुणाचा, हे तुम्हाला सांगायला नको.

कन्नडच्या घाटाखाली आपला तळ होता. पावसाआधी तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर मेंढरांना टोचायला यायचे. तुम्ही एकेक मेंढरू मांडीत दाबून धरायचात, सुई बसली की त्याच्या पाठीवर ओल्या गेरूचं बोट ओढायचात आणि सोडून द्यायचात. पाठ कोरी दिसली की ते राहिलं, इतका सोपा हिशेब. माझी धाकटी बहीण तेव्हा बोबडं बोलायची. ती मेंढरांतच घुसली आणि हटूनच बसली, "मला बी लावा!" तुम्ही तिच्या झबल्यावर, पाठीमागं, बोट टेकवलंत आणि डॉक्टरांना म्हणालात, "घ्या, हिला बी टोचलं. आता हिला काय व्हत नाय." ऐकणारे सगळे हसले. मीही हसले.

त्याच पावसाळ्यात ती तापली. आधी नुसता खोकला, मग धाप. जीपमध्ये ती माझ्या मांडीवर पालथी पडलेली आणि डोळ्यांसमोर झबल्यावरचा तो डाग. दवाखाना येण्याआधीच तिचा खोकला थांबला. मला वाटलं, बरं वाटतंय हिला. कशानं गेली ते कुणी सांगितलं नाही. आपल्याकडं तेव्हा ताप म्हणजे ताप. मेंढरं मात्र सगळी जगली. पुढच्या वर्षी तुम्ही गेरू आणला नाही, निळा रंग आणला. का, ते कुणी विचारलं नाही.

मी तुमच्यावर फार वर्षं चिडून होते आबा. मेंढरांना सुई आणि लेकराला रंग! लेकरांनाही अशी लस असते हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, हे मला कळतं. पण कळल्यानं राग जातो थोडाच? तोंडावर बोलले नाही, आणि तुम्हीही गेलात.

काल निघताना सासूबाई म्हणाल्या, "सर्दी-पडशाला कुठं सुई असती व्हय?" दवाखान्यात मी तेच विचारलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. हे साधं पडसं नव्हे, फ्लू लहान लेकरांच्या छातीत उतरतो. याचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लस दरवर्षी घ्यायची. पोरगी पहिल्यांदाच घेतेय, म्हणून महिन्यानं आणखी एक. "ताप येणारच नाही असं नाही, पण जिवावरचं दुखणं बहुतेक टळतं," त्या म्हणाल्या. त्या 'बहुतेक'पाशी मी अडकून पडले. सुई टोचताना पोरगी रडली आणि मी तिला तुमच्यासारखीच घट्ट दाबून धरलं. दंडावर गोल पट्टी लावली, तिच्यातून रक्ताचा लाल थेंब वर आला. "आई, माझा ठिपका बघ!" म्हणत ती दवाखानाभर नाचली. मी तिची बाही खाली ओढली.

आज आंघोळीत ती पट्टी निघाली. दंड कोरा झाला. टोचलेलं आहे, मला पक्कं माहीत आहे. तरी देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि कुणी बघत नाही असं पाहून तिच्या झबल्यावर, पाठीमागं, टेकवलं. बोट टेकवताना मी हसत नव्हते आबा. तुम्ही तरी त्या दिवशी कुठं हसला होतात? हसलो ते आम्ही.