बोल्टचं चिकटवलेलं डोकं

प्रिय ठकू,

बारा दिवस झाले, तुझा फोन नाही. मी केला की 'कामात आहे' म्हणून ठेवतेस. रागवायचा हक्क आहे तुला. आपल्याच भर गॅरेजात, गिऱ्हाइकांच्या देखत, मी तुझ्या नवऱ्याला खोटारडा म्हटलं. पण मला संशय का आला, ते एकदा ऐकून घे.

त्या दिवशी तो गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "आई, पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज येतोय. पण मामांना नको, तुम्ही स्वतः उघडून बघा." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. महिन्यापूर्वी सर्व्हिसिंग तुझ्या मामानेच केलेलं, मग आता मामा का नको? चाक काढलं, शॉकॲब्झॉर्बरच्या खालच्या बोल्टला पाना लावला, तर बोल्टचं डोकं बाटलीच्या बुचासारखं हातात आलं. खाली वाळलेला गोंद! बोल्ट आत मोडलेला आणि वरून डोकं चिकटवलेलं. बघणाऱ्याला सगळं धडधाकट. ठकू, त्या गाडीतून तू रोज घाट उतरतेस.

आत अडकलेल्या तुकड्यावर पंचाच्या, म्हणजे ड्रिल टेकवायला आधी हातोडीने ठोकून पाडतात त्या, तीन खुणा होत्या, तिन्ही मधोमध सोडून भलतीकडे. म्हणजे भोक पाडून तुकडा काढायचा कुणीतरी प्रयत्न केला, जमला नाही, मग गोंद लावला. आता माझा भाऊ तीस वर्षं पंच मारतोय, डोळे मिटूनही मधोमध मारेल. आणि तुझा नवरा गेल्याच महिन्यात फळी ठोकायला माझं ड्रिल घेऊन गेला होता. ती फळी अजून तिरकी आहे. झालं, मी हिशेब जुळवून मोकळी झाले आणि बोलू नये ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "मी हात लावला नाही, आई," आणि मामाकडे बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हटलं.

पुढे चार दिवस नुसतं गंज सुटायचं तेल सोडत राहिले. शेवटी मामाला म्हटलं, पंच तू मार. तर आज डोळा चुरचुरतोय, उद्या पाठ धरलीय. मला आता त्याचाही संशय यायला लागला. हातोडी हातात दिलीच. ठकू, त्याचा हात लटलट कापत होता. तीन खुणांच्या शेजारी चौथी उमटली, तशीच भलतीकडे. आम्ही दोघं चाकाशी उकिडवे बसलेलो. त्याने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "ताई, बोल्ट जास्त आवळला गेला आणि मोडला. हाताला अंदाजच उरला नाही गं. सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस." गोंदाबद्दल मात्र मी त्याला सोडलं नाही. तुझं नाव घेऊन जाब विचारला, तेव्हा तो रडला.

तुकडा मीच काढला. सुटला, पण जुने आटे सोलवटून. मग भोक मोठं करून नवे आटे पाडले, बोल्टला पक्की पकड मिळावी म्हणून आत पोलादी तारेचं वेटोळं बसवलं, नवा बोल्ट मापात आवळला. दोन दिवस स्वतः घाटात फिरवली, परत उघडून तपासली. आता गाडीची काळजी नाही. मामाला सोमवारी डॉक्टरकडे नेते आहे.

पण पत्र त्यासाठी नाही. मामाने मला नंतर सांगितलं, ते ऐक. सर्व्हिसिंगच्या दिवशीच तुझ्या नवऱ्याने मामाचा हात कापताना पाहिला होता. "मी आईंना सांगणार नाही, मामा, तुम्हीच सांगा," असं म्हणाला होता म्हणे. गोंदाचं त्याला ठाऊकच नव्हतं. आवाज यायला लागला तेव्हा कुणाला दोष न देता गाडी माझ्यासमोर आणून उभी केली. मी चारचौघांत पाणउतारा केला, तरी मामाला त्याने उघडं पाडलं नाही. कदाचित तुलाही सांगितलं नसेल. फोनवर माफी मागायला गेले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तेव्हा हे त्याला वाचून दाखव, आणि गाडी न्यायला तू येऊ नकोस, त्यालाच पाठव. भर दुपारी, गर्दीच्या वेळेला. जे बोलले ते सगळ्यांदेखत बोलले, आता परतही सगळ्यांदेखतच घ्यायचं आहे.

तुझीच,
तोंडाळ आई