कोरी राहिलेली कॅसेट

सर,

तुम्ही गेल्यानंतर इतिहासाच्या प्राध्यापकांचा आणि संशोधक विद्यार्थ्यांचा इंटरनेटवर एक चर्चागट निघाला. त्याची राखण माझ्याकडे आहे. कोणी काही लिहिलं की आधी माझ्याकडे येतं, मी सोडलं तरच बाकीच्यांना दिसतं. दहा वर्षं झाली, आता थकलोय. रोज सकाळी चहा निवेपर्यंत विद्वानांची भांडणं वाचायची, 'मूर्ख' काढून 'असहमत' घाला म्हणून विनवायचं. बायको म्हणते, "एवढी शिकलेली माणसं, काहून भांडून राहिलेत?" शिकलेत म्हणूनच, असं मी सांगतो.

गटाला नियम लावला तो तुमच्या शनिवारच्या वादसभेचा. वसमतच्या कॉलेजातली मागची खोली, आपली दहा-बारा टाळकी. उठेल त्यानं आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं. समोरचा "बराबर" म्हणाला की मगच स्वतःचं. एकदा मी तावातावानं सुरू झालो आणि तुम्ही टेबलावर डस्टर आपटलंत. "बस खाली. राग आलाय, येऊ दे. पण तो काय म्हणाला ते तू ऐकलंच न्हाईस." खडूची धूळ माझ्या शर्टावर उडते, सगळे हसतात, मी मान खाली घालून बसतो. आज त्याच नियमाच्या जोरावर मी लोकांना शहाणपण शिकवतो.

गेल्या महिन्यात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी हट्टा गावाच्या पुढच्या एका खेड्यावरचा लेख गटात टाकला. कळमनुरीकडची एक मुलगी पीएचडी करते, तिनं साधंच विचारलं, खालच्या वस्तीतल्या मुलाखती यात का नाहीत? प्राध्यापकांचं उत्तर आलं, "नव्या पिढीच्या उत्साहाचं कौतुक आहे. वाचन वाढलं की समजही येईल." शब्द एकही वाईट नव्हता, मी सोडलं. त्यावर तिनं लिहिलं, "तुम्ही मोठ्या घरांच्या ओट्यावर बसून गाव लिहिलंत. हा इतिहास नाही, पाहुणचार आहे." हे मी अडवलं. सौम्य करा म्हणालो. तिनं दोनदा सौम्य केलं, मी दोन्ही वेळा परत पाठवलं. शेवटी तिचा फोन आला.

"सर, त्यांनी माझी अक्कल काढली ते चाललं. माझंच काहून अडवून राहिलात? मी काय म्हटलं ते आधी सांगा, असं त्यांना इचारलं का तुमी?"

मी विचारलं नव्हतं. नियम त्यांना लावावा हे मला सुचलंही नव्हतं. ती गटातून निघून गेली, आणि गटात छान शांतता आहे. दोघा-तिघांनी त्याबद्दल माझं अभिनंदनही केलं. मला लाज वाटली.

पण सर, खरी गोष्ट पुढेच आहे. त्या लेखातल्या मुलाखती मी घेतलेल्या आहेत. एम.ए.ला असताना तुम्ही तुमचा टेपरेकॉर्डर दिला होता, वर स्वतःच्या खिशातून दोन कोऱ्या कॅसेट. एक वरच्या आळीसाठी, एक खालच्या वस्तीसाठी, असं बजावून. मी एसटीनं गेलो. वरच्या आळीत एका घरी त्यांनी आग्रहानं जेवू घातलं, भाकरीवर लोण्याचा गोळा होता. जेवून उठल्यावर त्यांच्याच डोळ्यांदेखत खालच्या वस्तीकडे जायचं मला अवघड वाटलं. ते काही म्हणाले नव्हते, मीच ओशाळलो. चारची गाडी धरली. पुढे याच प्राध्यापकांनी मुलाखती मागितल्या तेव्हा, सगळ्या गावच्या आहेत, म्हणून देऊन टाकल्या.

तिचं पहिलं, सौम्य न केलेलं लिखाण आज सकाळी जसंच्या तसं गटात सोडलं. तिला परत या म्हणून निरोप धाडलाय, उत्तर नाही. त्याखाली माझी एक ओळ यायला हवी, ती चारदा लिहून पुसली. सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगायला हवं होतं म्हणून हे कागदावर लिहितोय, जे कुठंच जाणार नाही.

परत आल्यावर तुम्ही विचारलं होतंत, "खालच्या वस्तीत गेला होतास ना रे?" मी "व्हय सर" म्हणालो होतो, कॅसेट खराब निघाली म्हणालो होतो. कॅसेट चांगली होती, सर. मी गेलोच नव्हतो.