पुसून खाल्लेला डबा

पुलगाव,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. जागृतीस,
जय भीम आणि आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबाचा खोकला उतरला. थंडी पडली, म्हणून गोधड्या उन्हात टाकल्या. मांजरीने तुझ्या कपाटात, तुझ्याच ओढणीवर पिल्लं घातली आहेत. तिला हुसकायला मला अजून वेळ मिळालेला नाही.

डब्यात भरीत आहे आणि कळण्याच्या भाकरी. भाकरी नेहमीपेक्षा जास्त आहेत. का, ते पुढे लिहिते. हे पत्र भाकरीच्या फडक्याखाली ठेवते आहे, कारण फोनवर बोलण्यात अर्थ नाही. तुझा फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी कुणीतरी बसलेलं असतं. माझी सगळी नोकरी बसस्टँडच्या माईकपुढे गेली. आवाज बंद खोलीतून येतो की माणसांमधून, हे मला कळतं.

पण पहिली शंका फोनमुळे आली नाही, डब्यामुळे आली. पोळा झाल्यावर तू नोकरीला गेलीस. तेव्हापासून दर शनिवारी बंडूजी कंडक्टर आपल्या गाडीने तुझा डबा नागपूरला नेतो आणि आधीचा रिकामा परत आणतो. तू तो एकदाही घासून पाठवला नाहीस. शिळ्या भाजीचा वास घेऊन यायचा आणि मी तुझ्या नावाने बोटं मोडायची. दिवाळीनंतर मात्र डबा लखलखीत येऊ लागला. बंडूजी म्हणाला, "मीराबाई, पोरगी सुधरली बरं तुमची."

मी म्हटलं, "सुधरली नाई, बंडूजी. हा घासला नाई. हा बोटानं पुसून खाल्ला हाये."

उपाशी माणसाचा डबा असा येतो.

मंगळवारी तुझी मैत्रीण, शोभाबाईची सुरभी आली. प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरलेली, आनंद पोटात मावत नव्हता. "आत्याबाई, जागृतीनं मले तिच्या ऑफिसात लावून देल्लं. सोमवारी बोलावलं."

"काम काय हाये?"

"ते तिथं गेल्यावर सांगतात म्हणे."

होस्टेलच्या डिपॉझिटसाठी शोभाबाई कानातले मोडायला निघाली आहे. मी सुरभीच्या मोबाईलवर त्या नोकरीची जाहिरात पाहिली. ऑफिस असिस्टंट पाहिजे. अनुभव नको, शिक्षण कितीही, राहण्याची सोय, वयाची अट नाही.

वयाची अट नाही म्हटल्यावर मी फोन लावला.

बुधवारी तुझ्या बाबाला सांगितलं की नागपूरला डोळे दाखवायला जाते. डोळ्यांनीच पाहायचं होतं, तेव्हा ते अर्धंच खोटं. तुमच्या त्या ऑफिसात टाय लावलेल्या एका पोराने माझी मुलाखत घेतली. आवाज एकदम अमरावतीकडचा, भाषा मात्र पुस्तकातली.

"काम काय आहे?" मी विचारलं.

"काम नाही आजी, ही संधी आहे."

"आजी नाई, मॅडम म्हण. आन संधी मले रिटायर झाली तवाच भेटली. आता काम पाहिजे."

"तुमच्या ओळखी किती आहेत, मॅडम?"

"बसस्टँडवर घोषणा करत होते. अर्धा जिल्हा मले आवाजावरून ओळखते."

त्याचे डोळे असे चमकले, जागृती, जसं कुणी त्याला शेत लिहून दिलं.

काम काय ते मग कळलं. आधी त्यांच्या पावडरींची पेटी विकत घ्यायची. मग ओळखीच्या दोघांना नोकरी आहे म्हणून बोलवायचं. त्यांनी पेटी घ्यायची आणि आणखी दोघांना बोलवायचं. ऑफिस नाही, असिस्टंट नाही, पगारही नाही.

नंतर आम्हा नव्या लोकांना हॉलमध्ये बसवलं. मी स्कार्फ डोक्यावरून घेऊन शेवटच्या रांगेत बसले. हे लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. दोन कागद त्यापायी फाडले. पण लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

तू स्टेजवर आलीस. काळा कोट, खांद्यात उतरलेला. तू माझ्याबद्दल बोललीस. माझी आत्या पैशाअभावी, इलाजाविना गेली म्हणालीस. मरताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, पोरी, मोठी हो. आज तिच्यामुळे मी इथे उभी आहे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या मरणावरच्या टाळ्या ऐकण्याचा योग सगळ्यांना येत नाही.

मी उठू शकले असते. माईक नसला तरी माझा आवाज शेवटच्या फलाटापर्यंत जातो, तुला माहीत आहे. पण मेलेल्या बाईने उठायचं तरी कसं? आणि उठले असते तर त्या भरल्या हॉलमध्ये उघडी पडली असती ती तू. मी बसून राहिले.

चहाच्या वेळी तो टायवाला जवळ आला. आता त्याची खरी भाषा निघाली होती. "मॅडम, तुमीबी एक स्टोरी बसवून ठेवा. घरचं कोणी वारलं असंल तं बेस्ट."

"आन कोणी वारलं नसंल तं?"

"मंग काय झालं? ऐकणारे घरी येऊन पाह्यते काय!"

तेव्हा समजलं, ती गोष्ट तुझ्याकडून पाठ करून घेतली आहे. राग आला नाही असं म्हणणार नाही. परतीच्या गाडीत बुटीबोरीपर्यंत चांगलाच होता. पुढे तो टिकला नाही. "माझा हात धरला" म्हणताना तुझा आवाज फाटला होता. मी जन्मभर पाठ केलेली वाक्यंच बोलले. ती तशी फाटत नाहीत. त्या सगळ्या खोट्यात तेवढं रडणं खरं होतं. मलाही तिथे रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं मी गोष्ट ऐकून रडते आहे. तिने मला रुमाल दिला. तो धुऊन ठेवला आहे, कुणाला परत करावा कळत नाही.

आता नीट वाच. डबा स्टँडवरच उघड असं बंडूजीने सांगितलं असेल, ते माझ्याच सांगण्यावरून. बंडूजीची गाडी नागपूरला अर्धा तास थांबते आणि पुलगावलाच परत फिरते. त्याच्या मागची सीट त्याने धरून ठेवली आहे. खोलीवर सामान घ्यायला जाऊ नको. कपडे पुन्हा होतात.

गाडीत बसलीस की सुरभीला फोन कर आणि खरं काय ते सांग. मी तिला काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर म्हातारी जळते म्हणेल. तू सांगितलंस तर शोभाबाईचे कानातले वाचतील आणि तुझी मैत्रीणही राहील. ती चिडेल, वाटेल ते बोलेल. ऐकून घे.

मोहल्ल्यात लोक बोलतील, थोडे दिवस. मग कापसाच्या भावाची गोष्ट निघेल आणि तुझी मागे पडेल. बाबाला काय सांगायचं ते तूच ठरव. सांगशील तेव्हा मी तुझ्या बाजूला बसलेली असेन.

बंडूजी म्हणतो, डबा घ्यायला येतेस तेव्हाही ते लोक तुला एकटीला सोडत नाहीत, त्यांनी पाठवलेली एक पोरगी नेहमी तुझ्याबरोबर असते. जास्तीच्या भाकरी तिच्यासाठी. तिला आधी खाऊ दे, मग हे पत्र वाचायला दे. यायची असेल तर तिलाही गाडीत बसव. कुठल्याही गावची असो, तिच्या घरची गाडी मी लावून देते. तेवढं काम मला येतं.

मी संध्याकाळी बसस्टँडवर असेन. तिथे आता रेकॉर्ड वाजते, पण तुझी गाडी लागली की मी तोंडानेच सांगेन.

आणि डबा या खेपेला बंडूजीच्या हाती द्यायचा नाही. तू स्वतः घेऊन यायचा. न घासता.

तुझी,
अजून जिवंत असलेली,
मीराआत्या