पिवळीच्या घरट्यात चार गजगे

४ एप्रिल २०१३, गुरुवार
तिसरं अंडं! तेही उचललं. पिवळी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी चोरच.

चोर तर चोर. वैजू लातूरला नर्सिंगला गेली आणि होस्टेलात पिंजरा चालत नाही म्हणून कॅनरीची ही जोडी माझ्या गळ्यात घालून गेली. पिवळी मादी, राजा नर. जाताना पोरीने एकच बजावलं — "आई, हिला अंड्यांवर बसू देऊ नको. मागच्या वर्षी पिल्लं वाढवताना मरता मरता वाचली." मग? अंडं दिसलं की उचलायचं. सोपं काम!

७ एप्रिल, रविवार
पाच झाली. पिंजरा दूध सोसायटीच्या खोलीत आणला, घरापेक्षा गार आहे. दुष्काळामुळे गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत, आमचे हेही दोन्ही म्हशी घेऊन तिकडेच. सकाळचं सगळं दूध एका कॅनात मावतं. लॅक्टोमीटर धुऊन ठेवला की सचिवबाईंना — म्हणजे मला! — पक्ष्यांकडे बघायला वेळच वेळ.

दूध घालायला दगडाबाई येते. चाळीस वर्षं कोंबड्या पाळतेय, त्यामुळे पंख असलेलं सगळं तिच्याच अखत्यारीत. म्हणाली, "उचलतीस ते बेस करतीस. अंडं समोर दिसलं न्हाई की कोंबडी खुडूक होऊन उबवाया बसत न्हाई." मी खूश.

११ एप्रिल
पाडवा. गुढी उभारून आले तर सातवं! एवढंसं ते पाखरू, आणतं कुठून?

१३ एप्रिल, शनिवार
आज आठवं. ते उचललं तरी रिकाम्या घरट्यात फुगून बसली. दगडाबाईने बघितलं — "खुडूकच झाली की! पाण्यात बुडव. आन् नाकात पीस घाल, दोन दिसांत सुदरती." नुसतं बोलून थांबली नाही, घरून अर्धी बादली पाणी घेऊन आली! टँकर चौथ्या दिवशी येतो, ही बाई पाव्हण्याला दुसरा तांब्या देत नाही, आणि पाखरासाठी अर्धी बादली. मी पिंजऱ्यापुढे आडवी उभी राहिले. म्हटलं, हिचं नाक दिसायला आधी भिंग आणा. "कावून गं? माझ्या कोंबड्या कशा सुदरल्या मग?" बादली उचलून तणतणत गेली.

१८ एप्रिल, गुरुवार


सकाळी पिवळी पिंजऱ्याच्या तळाशी. पिसं फुगलेली, डोळे मिटलेले, शेपूट खाली. अंडं अडकलं होतं. वैजूला फोन केला तर क्लासात. वीज नाही, बल्बची ऊब द्यावी तर तीही सोय नाही. तव्यावर वाळू तापवली, फडक्यात बांधली, त्यावर तिला धरून बसले. मागच्या बाजूला करडीच्या तेलाचा एक थेंब. छातीचं हाड बोटाला टोचत होतं. वैजूला काय सांगू, हेच डोक्यात. दूध घेऊन आलेल्या बायकांना हाकललं, फक्त दगडाबाई हलेना. ती वाळू बदलून देत राहिली.

एक वाजता सुटलं! मऊ, बिनटरफलाचं. पिवळीने डोळे उघडले आणि मी सरळ रडले.

राजाला दुसऱ्या पिंजऱ्यात टाकलं. कॅल्शियमसाठी समुद्रफेस लावला, अंड्याच्या टरफलाची पूड सुरू केली. पण पुढचं अंडं थांबवायचं कसं?

१९ एप्रिल
सापडलं!!

शेजारच्या छबुबाईच्या म्हशीचं रेडकू गेलं, तेव्हा तिच्या माणसाने कातड्यात पेंढा भरून पुढ्यात उभं केलं होतं. म्हैस त्याला चाटत पान्हा सोडते. म्हणजे आईला पुढ्यात काहीतरी लागतं. आणि मी काय केलं? रोज घरटं रिकामं केलं. पिवळीला वाटणार, अजून एकही नाही, घाला आणखी! वैजूचा शब्द पाळायला दगडाबाईचा कोंबडीचा नियम लावला आणि तिला मारायलाच निघाले होते मी. भरल्या घरट्यावर ती खुशाल बसली असती. पिल्लंच होणार नसतील तर बसेना का!

खोटी अंडी हवीत. दगडाबाईच्या बटव्यात पोटदुखीसाठी गजगे, म्हणजे सागरगोटे, असतात. गुळगुळीत, राखाडी, बरोब्बर त्याच मापाचे. चार मागितले. "पोटात दुखतंय का गं?" हो म्हटलं. कोमट पाण्यात धुऊन करवंटीतल्या घरट्यात ठेवले. पिवळीने एकेक चोचीने फिरवला आणि बसली.

२२ एप्रिल, सोमवार
दगडाबाईला कळलं. "माझं औषध त्या पाखराखाली!" मग हसली. मग म्हणाली, "खुडूक झालेली हाय, ही काय उठायची न्हाई. माझा शबुद हाय." मी म्हटलं, काहीच निघालं नाही की कंटाळून चार मेपर्यंत आपोआप उठेल. पैज लागली. हरेल तिने सगळ्या बायकांसमोर म्हणायचं — मला पक्ष्यांतलं काही कळत नाही.

२६ एप्रिल
बसलीय. घरट्यात हात घालत नाही, डोकावतही नाही, सुखाने बसू दे. छातीवर मांस धरतंय.

१ मे, बुधवार
आजच्या बैठकीत कौशल्याबाईंनी — आमच्या अध्यक्षा — छावणीच्या चाऱ्याआधी पिवळीचा विषय काढला! मी उठून सगळं सांगितलं — रेडकू, गजगे, सगळं. टाळ्या! दगडाबाईनेही वाजवल्या, हळू. वैजू फोनवर म्हणाली, "आई, तूच ये इथे शिकवायला." माझं मेलीचं विमान आज खाली उतरत नाही. आता फक्त पिवळीने उठायचं बाकी. दगडाबाईचं वाक्य ऐकायला मी पुढे बसणार!

४ मे, शनिवार
दगडाबाई जिंकली. पिवळी उठणार नाही. सकाळी दाण्यावर उतरली तेवढ्यात वाकून बघितलं. गजगे चार, कडेला फुटकं टरफल — राजाला हलवलं तरी एक अंडं तिच्या पोटात राहिलंच होतं. आणि त्यांच्या मधोमध, एवढंसं तोंड वासून, पाचवा.